नवरा-बायकोतली लपवाछपवी : बैठक उठल्यावर विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस-सोयाबीनच्या गावात मी नऊ वर्षांपासून बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांचं कामकाज पाहणारी गावातलीच कार्यकर्ती आहे. काम वह्यांचं : कोणी किती जमा केले, कोणाचा हप्ता राहिला. पण बैठक उठली की एखादी बाई चप्पल शोधायच्या निमित्तानं मागं राहते आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं. आताशा भाऊलोकही विचारतात, बहुतेक फोनवर, आणि "एका मित्राचं आहे" म्हणून. तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. कायद्याचं जे लिहिलं ते शिबिरांत ऐकलेलं आणि नंतर विचारून ताडून पाहिलेलं आहे. कोणाचं नाव-गाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा-बायकोनं एकमेकाले सगळंच सांगायला पाहिजे काय?

नाही. सगळं सांगणारा माणूस मी तरी पाहिला नाही. मी एवढंच विचारते : हे उद्या उघडं पडलं तर भुर्दंड कोणाला पडणार? घर, वावर, लेकरू, तब्येत, यातलं काही दुसऱ्याचंही जाणार असेल तर ते त्याला आधी कळलं पाहिजे. पडला तर फक्त आपल्याच जीवाला घोर पडणार असेल, तर सांगायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पुढची बहुतेक उत्तरं याच मापानं दिली आहेत. काही ठिकाणी माप अपुरं पडतं, तिथं तसं लिहिलं आहे.

घरधन्यानं कर्ज काढलं अन् मले सांगतलं नाही असं वाटते. कसं समजायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. त्यामुळं उत्तर लांब आहे.

आधी खुणा. फोन आला की अंगणात जाऊन बोलणं. तालुक्याला जायचं काम पोराला सांगणं. जवळच्या लग्नालाही न जाणं, कारण तिथं घेणेकरी भेटतो. रात्री घरात न झोपता वावरात जागलीला जाणं, रानडुकरांचा हंगाम नसतानासुद्धा. एका बाईनं मला सांगितलं, "ताई, तो कृषी केंद्रासमोरून जाताना गाडी जोरात नेते, तवाच समजलं."

मग कागद. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तिथं दिसतो. सातबारा ऑनलाइन कोणालाही पाहता येतो, त्यासाठी धन्याची परवानगी लागत नाही. पण सातबारा कोरा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. कृषी केंद्राची बियाणं-खताची उधारी तिथं दिसत नाही. ती कापूस विकला की चुकती करायची अशी जूनमध्ये बोली असते आणि भाव पडला की तिथूनच गाडं अडतं. सावकाराचे पैसे दिसत नाहीत. सोनं गहाण ठेवून घेतलेलं कर्ज दिसत नाही. मोबाइलच्या ॲपवरून घेतलेलं तर नाहीच नाही. सिबिलचा, म्हणजे कर्जाच्या नोंदींचा, अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, पण तो ज्याचा त्यालाच काढता येतो. तेव्हा शेवटी विचारावंच लागतं.

सावकारीत एक गोष्ट फार वाईट होते. पैसे देताना सावकार तारण म्हणून वावराचं सरळ खरेदीखत करून घेतो. घरात सांगतात "लिहून दिलं नुसतं", आणि कागदावर वावर विकलेलं असतं. असं झालं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदीचा उतारा, काढून पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, आणि अशा सावकारीत गेलेली जमीन परत मिळण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पण त्यासाठी धन्यानं तोंड उघडलं पाहिजे. लाजेपायी गप्प बसण्यात गेलेली वर्षं सावकाराच्याच कामी येतात.

आता विचारायचं कसं. जेवताना नको, त्याच्या मायसमोर नको, आणि पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या दिवशी तर नकोच नको. दोघंच वावरात असाल तेव्हा विचारा. "काहून केलं?" हा प्रश्न पहिल्या दिवशी ठेवूच नका, त्याला उत्तर नसतं, भांडण असतं. "किती आहे अन् कोणाकोणाचं?" एवढंच विचारा. पहिल्यांदा तो अर्धाच आकडा सांगेल. हे मी पैजेवर सांगते. उरलेला अर्धा दोन-तीन आठवड्यांनी येतो, आणि पहिल्या अर्ध्यावर तुम्ही किती आकांडतांडव केलं यावर तो येतो की नाही हे ठरतं.

विचारलं तर "मी जीव देतो" म्हणते. खरंच म्हणत असन काय?

खरंच म्हणतो असं समजूनच चाला. "नुसती धमकी आहे" असं म्हणणारे शेजारी नंतर अंत्ययात्रेत पुढं असतात. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर फोन करा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. गावातल्या आशाताईला सांगा. नवऱ्यानं "कोणाले सांगू नको" अशी शपथ घातली असली तरी ती मोडा. हे गुपित ठेवायचं नसतं.

आमच्या जिल्ह्यात हा विषय निघाला की चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांचं नाव येतंच. १९ मार्च १९८६ ला त्यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. आजही दरवर्षी त्या दिवशी कितीतरी लोक अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या वर्षांत अशा बऱ्याच घरांत मी गेले. तिथं मी जे पाहिलं ते कागदावर येत नाही : बाईला माणूस गेल्याच्या दुःखाआधी चौकशीला तोंड द्यावं लागतं, आणि तिला काही माहीतच नसतं. सरकारी मदत १ लाख रुपये आहे, पण ती मिळायला प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. नापिकी, बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, आणि ते फेडता न येणं, हे दाखवावं लागतं. कर्ज कोणाचं होतं, कागद कुठं आहेत, हे तिला विचारतात. ती म्हणते, "मले त्यांनी सांगतलंच नाही." प्रकरण अपात्र. म्हणून भाऊलोकांना माझं सांगणं असतं की बायकोला काळजी नको म्हणून लपवू नका. काळजी तिला होणारच आहे. तारीख तेवढी पुढं जाते.

नवऱ्यानं दुसऱ्याच्या कर्जाले जामीन म्हणून सही केली. त्यात आपलं काय जाते?

जे कर्जदाराचं जातं ते सगळं. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि तेव्हापासून नियम हाच : करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. आधी कर्जदाराला धरा मग आमच्याकडे या, असं आपल्याला म्हणता येत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या नवऱ्यानं मावसभावाच्या ट्रॅक्टरला सही दिली होती. तीन वर्षांनी रजिस्टर पोस्टानं नोटीस आली, आणि पोस्टमनच्या वहीत सही करून ती मीच घेतली. नवरा वावरात होता. मी ते पाकीट दुपारभर चुलीजवळच्या फळीवर ठेवलं. संध्याकाळी तो आला, पाकीट पाहिलं, आणि हातपाय न धुताच बसला. त्या वर्षीची सगळी तूर त्यात गेली, शिवाय एक गोऱ्हा. पैशाचं मी विसरले असते. पण तीन वर्षं आम्ही रोज एका ताटलीत पोहे खाल्ले, आणि त्याला ते माहीत होतं, मला नव्हतं, हे विसरायला फार वेळ लागला. मावसभाऊ अजून लग्नात भेटला की "वहिनी, बसा नं" म्हणतो.

मीच गुपचूप कर्ज घेतलं. धन्याले माहीत नाही. आता?

बायांनी हा प्रश्न इतक्या हळू विचारला आहे की दोनदा विचारावा लागतो. आठवड्याला हप्ता घेणाऱ्या कंपनीचं कर्ज, कधी पोरीच्या फीसाठी, कधी भावासाठी, कधी दुसऱ्या कंपनीचा हप्ता भरायला. शेवटचं असेल तर आजच सांगा. हप्त्यासाठी हप्ता काढणं सुरू झालं की ते घरात लपत नाही.

रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम माहीत असू द्या. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, असं पाहूनच कर्ज द्यायचं आहे. अशा कर्जाला तारण घेता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ-धमकी तर नाहीच. वसुलीवाला दारात बसला आणि नवऱ्याला तेव्हा कळलं, तर तो कर्जावर चिडत नाही, चारचौघांत खाली पाहावं लागलं म्हणून चिडतो. त्याच्या आधी तुम्ही सांगा. सोबत कोणी लागत असेल तर गटाची अध्यक्ष किंवा मी येते. आजवर सहा घरी गेले. पाच घरी चहा झाला.

लाडक्या बहिणीचे १५०० रुपये येतात. ते त्याले सांगायलाच लागते काय?

पैसे तुमच्या खात्यात येतात, तुमचे आहेत. जुलै २०२४ पासून योजना आहे आणि गावात कोणाचे आले, कोणाचे थांबले हे तुमच्या आधी पारावर कळतं. त्यामुळं लपवायला तसं काही उरलेलंच नाही. खर्च कुठं केला याचा हिशोब मात्र कोणी मागू नये. दाण्याच्या डब्यात नोटा ठेवणाऱ्या आपल्या आजीला कोणी खोटारडी म्हटलं नाही. तिच्यामुळं कितीदा बैल सुटला आहे.

दागिन्यांचंही विचारतात. माहेरून आणि लग्नात बाईला मिळालेलं स्त्रीधन तिचंच. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की नवऱ्याचा त्यावर ताबा नाही, अडचणीत वापरलं तर परत करायची त्याची जबाबदारी आहे. म्हणजे न विचारता पोत गहाण ठेवणारा नवरा "घरासाठीच केलं" म्हणून सुटत नाही.

आता माझं. नोटिशीच्या वर्षी मी नवऱ्याला पुष्कळ बोलले. पण त्याच्या आधी दोन वर्षं माझी स्वतःची पोत मायच्या ऑपरेशनसाठी गहाण पडलेली होती आणि मी गळ्यात खोटी घालत होते. माझंच सोनं, मला विचारायची गरज नव्हती, हे खरं. पण तो "पोत जड दिसत नाही आता" म्हणाला तेव्हा मी "झिजली" म्हटलं, ते खोटं होतं. त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

सोयरिकीत सांगतलं १० एकर ओलीत, निघालं ४ एकर कोरडवाहू. लग्न मोडते काय?

कास्तकाराच्या पोराला पोरगी मिळेना झाली तेव्हापासून बायोडाटा फुगायला लागला. सामायिक वावर एकट्याच्या नावावर दाखवायचं, शेजाऱ्याची विहीर आपली म्हणायची, कंत्राटी कामाला 'कंपनीत' म्हणायचं. पोरीकडचेही मागं नाहीत : वय, शिक्षण, आजार.

हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १२ प्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि कळल्यावरही राजीखुशीनं संसार चालू ठेवला असेल तर ते दार बंद होतं. प्रत्येक बढाई म्हणजे फसवणूक असं न्यायालय धरत नाही. आधीचं लग्न लपवलं असेल आणि ते मोडलेलं नसेल, तर तो वेगळा आणि मोठा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली १० वर्षांपर्यंत शिक्षा. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना तो सरसकट लागू नाही, म्हणून गोंड, कोलाम, परधान घरातल्या पोरींनी आधी वकिलाला हेच विचारावं.

सगळ्यात स्वस्त उपाय सोयरिकीच्या आधीचा. नुसता सातबारा नाही, आठ-अ पण मागा. त्यात त्या गावात त्या खातेदाराच्या नावावर एकूण किती जमीन आहे ते एका कागदावर दिसतं. मागायला लाज वाटते म्हणतात. पाहुण्यांना पोरीला चालायला लावायची लाज वाटत नव्हती, तर कागद मागायची कसली?

सिकलसेलचं लग्नाआधी लपवलं. आता बाळ होणार आहे.

दवाखान्यात आजच जा, भांडण नंतर. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, हा आजार बऱ्याच घरांत आहे आणि तितक्याच घरांत तो लपवला जातो, कारण पोरीची सोयरीक मोडते. पोराची मोडत नाही, हा आपल्याकडचा न्याय.

वाहक, म्हणजे कागदावर 'एएस', हा आजारी नसतो. तो नांगरतो, निंदतो, म्हातारा होतो, त्याला सहसा काही होत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असले तरच प्रश्न येतो : तेव्हा प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की बाळ 'एसएस' म्हणजे पेशंट होईल, ५० टक्के की ते वाहक होईल, २५ टक्के की काहीच नसेल. पहिलं लेकरू आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नसतं. दर वेळी चिठ्ठी नव्यानं उचलली जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी तपासणी होते, त्यात निघालं तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पुढची तपासणी करून पक्कं करतात. दोघं वाहक असाल तर गर्भाची तपासणीही होऊ शकते, पण ती लवकर करावी लागते. म्हणून म्हटलं की आजच जा. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, शाळा-अंगणवाडीतही तपासतात, कार्ड मिळतं.

मी आता लग्नाच्या घरी गेले की सरळ विचारते, पत्रिका पाहिली, सिकल पाहिलं काय? लोक हसतात. काही जण नंतर एकट्यानं येऊन कार्ड दाखवतात.

मिरगीचं औषध चोरून घेते. सांगू काय?

सांग बाई. चोरून घेतलेली गोळी चुकते, आणि चुकली की झटका विहिरीवर नाहीतर चुलीजवळ येतो. शेजारीण काहीही म्हणो, १९९९ पासून मिरगी हे हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द करण्याचं कारण राहिलेलं नाही. घरच्यांना झटका आल्यावर काय करायचं ते शिकवून ठेव : कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि चप्पल-कांदा हुंगवायचा नाही.

एचआयव्हीचा रिपोर्ट आला आहे. बायकोले कसं सांगू?

हा प्रश्न विचारणारा भाऊ बाभळीखाली उभा होता आणि मी गाडीवर. नाव नाही, गाव नाही.

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या तपासणी केंद्रात समुपदेशक असतो. त्याच्यासमोर दोघांनी बसून सांगणं सोपं जातं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तुमचा रिपोर्ट गुपित राहतो, तुमच्या संमतीशिवाय कोणी गावात सांगू शकत नाही. पण त्याच कायद्यानं जोडीदाराला लागण होऊ नये याची काळजी घेणं तुमच्यावर टाकलं आहे, आणि ठरावीक परिस्थितीत डॉक्टर किंवा समुपदेशक तुम्हाला समजावून झाल्यावर जोडीदाराला सांगू शकतो. गोळ्या फुकट आहेत. नीट घेतल्या आणि तपासणीत विषाणू सापडेनासा झाला की संबंधातून लागण होत नाही. बायकोची तपासणी लवकर होणं तिच्यासाठी आणि पोटातल्या लेकरासाठी फार मोलाचं. १०९७ या एचआयव्हीच्या मदतीच्या नंबरवर फोन करून आधी नुसतं बोलता येतं. त्या भावानं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर तो मला पाहून मान हलवतो, एवढंच.

लग्नाआधी एकावर प्रेम होतं. नवरा "खरं सांग, मी काही म्हणणार नाही" म्हणते.

"काही म्हणणार नाही" म्हणणारा पुढची वीस वर्षं म्हणत राहतो. माझ्या मापानं हे तुमचं एकटीचं आहे. विचारल्यावर खोटं बोलू नका, पण "मागचं मागं" हेही उत्तरच आहे.

फोनचा पासवर्ड एकमेकाले द्यावा काय? अन् बोलणं रेकॉर्ड केलं तर चालते काय?

पासवर्ड द्या अगर देऊ नका. ज्या घरात बँकेचा मेसेज एकाच फोनवर येतो, त्या घरात तो फोन दोघांना उघडता आला पाहिजे. माणूस अचानक आजारी पडला तर दवाखान्यात पैसे कोण काढणार? आणि पत्ते-रमीचे पैशाचे ॲप फोनमध्ये असतील तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ बंदच केले आहेत, "कायदेशीर आहे" हे उत्तर आता चालत नाही.

रेकॉर्डिंगचं : १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नवरा-बायकोच्या भांडणाच्या खटल्यात गुपचूप रेकॉर्ड केलेलं बोलणं पुरावा म्हणून घेता येतं. त्याच निकालात हेही म्हटलं आहे की एकमेकांवर पाळत ठेवण्याइतकी वेळ आली असेल तर भरवसा आधीच तुटलेला असतो. म्हणून रेकॉर्डिंग करायच्या आधी स्वतःला विचारा की संसार करायचा आहे की केस. मारहाण होत असेल तर मात्र एवढा विचार करू नका, जे मिळेल ते जपून ठेवा.

दुसरीकडे संबंध आहे असं समजलं. पोलिसात देता येते काय?

नुसत्या संबंधावरून नाही. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं. घटस्फोटाचं कारण मात्र ते आजही आहे. घरखर्च बंद केला, दागिने नेले, मारलं, घराबाहेर काढलं, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लागतो. पैसे अडवणं हीही त्यात हिंसाच आहे. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतो.

आणि मारोतीच्या पारावर हा विषय नेऊ नका. तिथं शिक्षा नेहमी बाईलाच होते, मग ती कोणतीही बाई असो.

पाळणा लांबवायची सुई गुपचूप घेते. पाप आहे काय?

इथं माझं माप अडखळतं, कारण लेकरू दोघांचं असतं. पण बाळंतपण दोघांचं नसतं. 'अंतरा'ची सुई सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, दर तीन महिन्यांनी, आणि त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. कायद्यानं गर्भपातालाही सज्ञान बाईला फक्त तिचीच संमती लागते, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. सुईनं पाळी अनियमित होते किंवा थांबते, तेव्हा सासूला आधी कळेल हे धरून चाला. ज्या घरात सांगितलं तर मार बसतो, तिथं न सांगण्याला मी खोटेपणा म्हणत नाही.

आमच्याकडे दारूबंदी आहे, तरी पिऊन येते अन् "घेतली नाही" म्हणते.

वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती, आणि तिन्हीकडच्या बायांनी मला हेच विचारलं आहे. वास सांगतो ते तो कबूल करत नाही. सकाळी विचारा, रात्री कधीच नाही. आणि पैसे कुठून येतात ते शोधा. बहुतेक वेळा उत्तर धान्याच्या पोत्यात असतं.

आमच्या दोघांतलं सासूले सांगते. हे बेइमानी नाही काय?

आहे. पण सासूनं विचारल्यावर गप्प राहणारा मुलगा आपल्या भागात अजून पिकायचा आहे. त्याला कोणती गोष्ट दोघांत ठेवायची हे आधी सांगून ठेवा. नंतर भांडून फायदा नाही.

एकदा खोटं सापडलं. आता भरवसा परत कसा बसन?

"आता मी बदललो" या वाक्यानं बसत नाही, शपथेनंही नाही. आमच्या गटातल्या एका जोडप्यानं केलं ते सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं. नवऱ्यानं चार ठिकाणचं कर्ज लपवलं होतं. बायको माहेरी गेली, दीड महिन्यानं आली. आल्यावर तिनं एकच अट घातली : घरात एक वही राहील. तीत घेतलं-दिलं लिहायचं, त्यानंही आणि तिनंही, आणि दर बाजाराच्या दिवशी ती पोराला मोठ्यानं वाचायला लावायची. पोरगा सातवीत होता. बाप पोरासमोर आकडा खोटा लिहायला धजला नाही. दोन वर्षांत तीन देणी फिटली. त्यानंतर लक्ष्मी मुक्ती योजनेत त्यानं स्वतः तलाठ्याकडे अर्ज करून सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावलं. तिनं मागितलं नव्हतं. ती अजूनही त्याच्या खिशात हात घालून पाहते, आणि तो पाहू देतो.

हे सगळं कोणाले विचारायचं?

बायांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. मारहाण असेल तर ११२, बायांसाठी १८१. मनाचं असेल तर १४४१६.

माझ्याकडे यायचं असेल तर बैठकीच्या दिवशी या, आणि शेवटी थांबा. घरी येऊ नका. माझ्या घरासमोर ज्या बाई राहतात त्यांना दिसलं की तुमच्या धन्याला तुम्ही घरी पोहोचायच्या आत कळलेलं असतं.